चावा सांगायचा नसतो

टेक्सासमध्ये, ह्यूस्टनला लागून असलेल्या आमच्या शुगर लँडहून गाडीनं तास-दीड तासावर वाघांचा एक वृद्धाश्रम आहे. फाटकावर इंग्रजीत काहीतरी भारदस्त लिहिलंय, पण मी त्याला पहिल्यापासून वृद्धाश्रमच म्हणत आलो. सर्कशीतून सुटलेले, कुणा हौशी माणसाच्या परसातून सोडवून आणलेले, लहानपणी लोकांच्या मांडीवर बसवून फोटो काढून झाल्यावर नकोसे झालेले वाघ तिथं मरेपर्यंत राहतात. आमची मुलगी तिथं नोकरीला आहे. अमेरिकेत जन्मलेली, बायॉलॉजी शिकलेली आपली लेक वाघांचे पिंजरे धुते, हे नागपूरच्या नातेवाइकांना सांगताना माझी बायको अजूनही 'रिसर्च' असा शब्द वापरते. "वाघ म्हटलं तरी खातो नि वाघोबा म्हटलं तरी खातो," असं म्हणून तिनं मुलीला परोपरीनं अडवून पाहिलं होतं. मी अडवलं नाही. उलट तेलकंपनीतून निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या शिस्तीत राहण्यापेक्षा दर शनिवारी मीच तिथं जायला लागलो. जन्मात कधी अंडं न खाल्लेला मी, हातमोजे चढवून वाघांसाठी कोंबड्या कापायचो.

एक म्हातारा मला तिथंच भेटला. एके काळी तो सर्कशीत रिंगमास्टर होता. सर्कस बंद पडली तेव्हा त्यानं आपली शेवटची वाघीण या आश्रमाला दिली आणि तिच्यामागोमाग स्वतःही जवळच्या गावात एका ट्रेलरमध्ये राहायला आला. दर शनिवारी दुपारी तो घडीची खुर्ची घेऊन तिच्या जाळीपाशी येऊन बसायचा. बाकीच्यांना बाहेरच्या कुंपणाशीच थांबावं लागे. याला तेवढी आत येण्याची सवलत होती, पण जाळीला हात लावायचा नाही, या अटीवर.

"बाबा, तू त्याच्याजवळ बसत जा," मुलीनं मला सांगितलं. "ही इज स्वीट यार, पण चान्स मिळाला तर हात आत घालेल. रूल इज रूल."

म्हणजे राखणदार म्हणून माझी नेमणूक झाली. सुरुवातीला मला हा माणूस मुळीच आवडला नव्हता. एवढ्या मोठ्या जनावराला स्टुलावर बसायला लावून ज्यानं पोट भरलं, त्याचं आता कसलं प्रेम उतू चाललंय, असं मला वाटायचं. मी ते त्याला तोंडावर म्हटलंही. माझ्या जिभेला हाड नाही हे घरचे सांगतातच.

तो रागावला नाही. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मलाही आता तसंच वाटतं. पण म्हणून तिला भेटायला येऊ नको का?"

नंतर मी त्याच्यासाठी थर्मासमधून चहा न्यायला लागलो.

वाघीण म्हातारी झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो नाकातून फुरफुर असा एक आवाज काढायचा, मग ती पडल्या जागेवरून उठून हळूहळू जाळीपाशी यायची, तसाच आवाज काढायची आणि जाळीवर गाल घासायची. त्याचे हात तेव्हा मांडीवर घट्ट धरलेले असायचे.

एकदा त्यानं आपल्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. दोघं मिळून खेळ करायचे. एका खेळात जोडीदाराचा पाय घसरला आणि तो रिंगणात आडवा पडला. उभा असतो तोवर माणूस मालक, पडला की शिकार, असं म्हातारा म्हणाला. वाघानं त्याची मान धरली. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. जोडीदार गेला. आणि संध्याकाळी वाघालाही गोळी घातली. तो वाघ या वाघिणीचा बाप.

"पाय माणसाचा घसरला," म्हातारा म्हणाला. "वाघानं फक्त वाघासारखं केलं."

पुढं जे झालं त्याला आमचं आदरातिथ्य कारण झालं. त्या उन्हाळ्यात तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे ह्यूस्टनला यायचा होता. शनिवार होता, म्हणून मी म्हटलं, आमच्याकडे जेव, मग आश्रमात तुला मीच घेऊन जातो. बायकोनं वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या असा बेत केला. घाम काढणारा उकाडा, आणि म्हाताऱ्याच्या अंगात त्याचं ते कायमचं जुनं डेनिमचं जाकीट. त्याला असा काही वास यायचा की मला गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागत. बायकोनं ते आग्रहानं काढून घेतलं. जेवून म्हातारा सोफ्यावर लवंडला, तेवढ्यात तिनं ते मशीनला लावलं, वाळवलं, वर इस्त्री मारली. उठल्यावर छान घडी करून त्याच्या हातात दिलं. लॅव्हेंडरचा घमघमाट सुटला होता.

म्हातारा जाकिटाकडे क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "थँक यू, मॅम. असं इस्त्रीचं जाकीट मी आयुष्यात घातलं नव्हतं." आणि घातलं.

आश्रमात पोचलो तेव्हा मुलगी दुसऱ्या टोकाला एका आजारी सिंहापाशी होती. म्हाताऱ्यानं नेहमीसारखा फुरफुर आवाज केला. वाघीण उठली, अर्ध्या वाटेत थांबली. नाक वर करून हुंगत राहिली. आवाज ओळखीचा, वास परका. तिनं कान मागे पाडले. त्यानं पुन्हा आवाज केला, आणि मी थर्मासचं झाकण उघडत असताना त्यानं खाणं सरकवायच्या फटीतून हात आत घातला. हाताचा वास तरी ओळखेल, असं त्याला वाटलं असणार.

तो ओरडला नाही. हात बाहेर आला तेव्हा दोन बोटं नव्हती. त्यानं हात त्या जाकिटात गुंडाळला आणि मला म्हणाला, "पाईप घे. जाळी धुऊन टाक. पटकन."

मी धुतली. का धुतली हे तेव्हा विचारलं नाही.

गाडीत त्यानं सांगितलं. वाघांना शिकवणाऱ्यांत एक रीत आहे, चावा सांगायचा नसतो. कुत्र्यासारखी वाघासाठी रेबीजची मान्य लस नाही. चावला असं कळलं की सरकारी माणूस तपासणी मागू शकतो आणि ती तपासणी मेंदूची असते. मेंदू काढायचा म्हणजे आधी मारायचं. म्हणून आजवर जेवढे चावे, ओरखडे झाले, ते यांच्या तोंडून कधी कुत्र्याचे, कधी काचेचे, कधी काटेरी तारेचे झाले.

"जाकीट कधी धुवायचं नसतं," तो पुढं म्हणाला. "तिला लहानपणापासून हाच वास माहीत."

"मग घातलंस कशाला? मला सांगायचं तरी!"

"तुझ्या बायकोनं प्रेमानं धुतलं होतं. तिला काय सांगणार?" वेदनेनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि मला वाटलं, मी आहे ना."

हॉस्पिटलात त्यानं सांगितलं, टायर बदलताना जॅक घसरला. नर्सनं माझ्याकडे पाहिलं, "तुम्ही होता तिथं?" मी होतो म्हणालो. एवढ्यावर थांबावं की नाही? पण इंजिनियर पडलो. जमीन कशी भुसभुशीत होती, जॅक कुठल्या बाजूला कलला, वजन कसं आलं, सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टरांनी एकदा जखमेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहून घेतलं. म्हाताऱ्यानं रेबीजची इंजेक्शनं मात्र मागून घेतली. मळ्यातल्या भटक्या कुत्र्याचं काहीतरी निमित्त सांगितलं.

वाघीण वाचली. पण आश्रमातल्या प्रत्येकाला वाघाच्या दाताची जखम ओळखता येते. आमच्या मुलीला तर लांबूनच कळली असती, आणि कळल्यावर तिला वर कळवावंच लागलं असतं. म्हणून म्हातारा त्या दिवसानंतर तिथं गेला नाही. ट्रेलरपासून फाटक चालत जाण्याइतकं जवळ होतं, तरी गेला नाही.

मुलगी विचारायची, "बाबा, तो येत का नाही? इज ही ओके?" मी म्हणायचो, गुडघे दुखतात. तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. बायकोला तर मी अजूनही काही सांगितलेलं नाही. म्हाताऱ्याला पुऱ्या आवडल्या होत्या, त्याला परत बोलवा, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती.

शनिवारी मी एकटाच जाळीपाशी बसायचो. वाघीण दुपारी बरोबर उठून यायची, नाक वर करायची, मी तो नव्हे हे कळलं की तिथंच पाय पसरून बसून राहायची. मला फार वाईट वाटायचं. एका मायेच्या माणसाच्या धुण्यानं दोन जीवांची ताटातूट झाली होती आणि दोष कुणाला द्यावा हेही कळत नव्हतं. घरी येताना म्हाताऱ्याच्या ट्रेलरवर थांबायचो. तो एवढंच विचारायचा, "जेवली का?" जाळीपाशी आली होती का, हे त्यानं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, शी इज गॉन. झोपेतच गेली. तू त्याला सांगशील?"

फोनवर सांगणं बरं दिसेना, म्हणून गाडी काढून गेलो. म्हातारा दारातच बसला होता. मी सांगितलं. तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "म्हणजे आता मला यायला हरकत नाही."

आश्रमाच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या शेडमध्ये ताडपत्रीवर तिला ठेवलं होतं. मुलगी आणि तिच्याबरोबरची सगळी माणसं भोवती उभी होती. म्हातारा खाली बसला आणि सगळ्यांदेखत खिशातून तो हात काढून तिच्या कपाळावर ठेवला. मुलीनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. मी मान खाली घातली.

"टेक युवर टाइम," ती त्याला हळूच म्हणाली आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेली. उरलेल्या तीन बोटांनी तो वाघिणीच्या कानामागे खाजवत राहिला. तिला आता कुणी मारू शकणार नव्हतं.