तळ्याखालच्या किल्ल्याचा राखणदार

ईरा, निहार — परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तुमच्या त्या फाशांच्या, कल्पनेतल्या वीरांच्या खेळाची जी जुनी छापील साहसं आहेत, त्यांतलं आजीचं आवडतं कोणतं. मी हसून विषय बदलला. का बदलला, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही.

आवडतं? तळ्याखालच्या किल्ल्याचं. एकोणीसशे ऐंशीनंतरची वर्षं. माझे धाकटे दीर अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी फाशांचा डबा आणि असली तीन पुस्तकं आणली. खेळणाऱ्यांनी एकेक वीर घ्यायचा. एकानं पुस्तक धरून पुढं काय घडतं ते सांगायचं. बाकीच्यांनी पुस्तकात डोकवायचं नाही. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात सांगणारी मीच. इंग्रजी मलाच येत होतं ना — म्हणजे मी म्हणेन तेच पुस्तकात.

खेळायला तुमची आई मीनल, आणि तिच्या वर्गातली सुजाता. ती उचगावहून सायकलनं यायची. मीनलचा पैलवान दिसेल त्याच्यावर धावून जायचा. सुजाताची वीरांगना आधी बोलायची. समोर राक्षस असो की भूत — "काय पावणं, कुठलं गाव?" आम्ही पोट धरून हसायचो. मीसुद्धा. ती मला आवडायची, हेही लिहिलं पाहिजे.

मग झालं काय? काहीच नाही. एका रविवारी तिला तहान लागली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि माठात तांब्या बुडवून पाणी प्यायली. मीनल रोज तसंच करायची. पण सुजाताचं घर बौद्ध — आणि जात मानत नाही असं चारचौघांत सांगणाऱ्या माझ्या मनात आलं, माठ बाटला. सासूबाई केव्हाच वारल्या होत्या. मला बोलणारं घरात कुणी नव्हतं. ते सगळं माझंच होतं.

ती परत येऊन बसली. किल्ल्याच्या दारात कुऱ्हाड घेतलेला राखणदार. मीनल म्हणाली, मारू या. सुजातानं तिला थांबवलं.

"पावणं, जेवलासा का? आमच्यातली भाकरी हाय, घ्या की."

माझ्यापुढच्या पानावर काय होतं? राखणदार कित्येक वर्षं उपाशी आहे. जो त्याला अन्न देईल, त्याच्यापुढं तो वाकतो आणि किल्ली देतो. इतकं स्पष्ट. मी ते वाचलं — आणि म्हणाले, तो कुऱ्हाड घालतो, तू मेलीस. आणि मेलेल्यानं पुन्हा खेळायला बसायचं नाही, असा नियम आहे. असा नियम कुठंच नव्हता.

"काकू, पुस्तकात तसंच हाय?"

"तसंच आहे."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. आपले फासे डब्यात टाकले, चप्पल घातली. पुन्हा आली नाही.

पुढच्या रविवारी मीनल एकटीच बसली. तिनं राखणदारापुढं भाकरी धरली — शब्दसुद्धा सुजाताचेच. मी पान जसंच्या तसं वाचलं. किल्ली तिला मिळाली. मग तिनं विचारलं, सुजातालाच का मारलं त्यानं?

मी म्हणाले, "कोण देतंय, त्यावर असतं ते."

तिनं मान डोलावली, आणि पुढचा फासा टाकला.