रॉकेटच्या आदल्या दिवशीचा अपघात

आमच्या सोसायटीच्या मैदानातून रॉकेट उडालं, त्यात कोणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त आदल्या दिवशी माझी आई थोडा वेळ वारली होती.

माझी मुलगी मुग्धा इंजिनिअरिंगला आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणींना रॉकेट बनवायचं वेड लागलं. रॉकेट म्हणजे सोड्याच्या बाटल्या एकमेकींना जोडलेल्या, पुठ्ठ्याचे पंख, पोटात थोडं पाणी आणि वर सायकलच्या पंपाने ठासून भरलेली हवा. दोरी ओढली की पाणी खाली, रॉकेट वर. "आगबिग काही नाही हो बाबा," असं ती शंभरदा म्हणाली. कॉलेजच्या टीममध्ये जागा हवी असेल तर या रॉकेटच्या एका व्यवस्थित उड्डाणाचा व्हिडिओ द्यायचा होता, आणि तोही सोमवारी.

मुलुंडमध्ये मोकळी जागा मिळणं म्हणजे लग्नाच्या सीझनमध्ये हॉल मिळण्यासारखं. शेवटी आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक मैदान द्यायला तयार झाले. "शनिवारी तयारी करा, रविवारी उडवा. पण एक जरी माणूस पडला-धडपडला ना, तर सगळं बंद!"

"काका, माझे बाबा आहेत ना सुरक्षेला," मुग्धा म्हणाली. (हे वाक्य तिने पुन्हा आयुष्यात कधीही उच्चारलेलं नाही.)

मी विमा कंपनीत दावे तपासतो. साधं केळ्याचं साल दिसलं तरी मला त्यावरून घसरलेला माणूस, त्याचं हाड आणि त्याची कागदपत्रं दिसू लागतात. मी चंगच बांधला, की या मैदानात मुंगीसुद्धा जखमी होता कामा नये! दोरी बांधून गोल आखला. आत फक्त मुग्धा, तीही चष्मा लावून. वारा सुटला तर थांबायचं. रॉकेट अडकलं तर कोणी जवळ जायचं नाही, आधी लांबून हवा सोडायची. आणि सगळ्यांनी आकाशाकडे बघायचं, मोबाइलकडे नाही, म्हणून मोबाइल माझ्या पिशवीत!

इथवर मुग्धाही खूश होती. मग मी म्हणालो, "आता अपघाताचा सराव करू."

"बाबा, अपघात होऊ नये म्हणूनच हे सगळं केलंय ना?"

"पण झालाच तर? जखमीला उचलायचं कसं? सराव म्हणजे सराव!"

सरावाला जखमी माणूस हवा. बायको म्हणाली, "मी रोजच जखमी असते, आज पोळ्या आहेत." मुग्धाच्या मैत्रिणींना ड्रेस खराब करायचे नव्हते. तेवढ्यात बाकावर बसलेली माझी आई उठली. आई मूळची मालवणकडची, वय झालं तरी कुठल्याही कार्यक्रमात पुढे.

"मी पडतंय!" आई म्हणाली. "माका काय करूचा हा?"

"काही नाही, आई. नुसतं पडून राहायचं. हलायचं नाही."

"आणि नाकार माशी बसली तर?"

"तरी नाही."

मैदानाच्या मधोमध सतरंजी टाकून आईला निजवलं. ऊन तोंडावर येतंय म्हणून तिने तक्रार केली. म्हणून मी घरातून चादर आणून तिला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. चादर पांढरी होती. (दुसऱ्या धुवायला टाकल्या होत्या, यात माझा काय दोष?) मग आम्ही सगळे जखमीला उचलायला घडीची खाट आणायला गच्चीवर गेलो. खाट गंजून उघडेना. तिच्याशी झटापट चालू होती आणि खाली मैदानात आईला गाढ झोप लागली.

तिसऱ्या मजल्यावरच्या पारेखभाभींनी खिडकीतून खाली पाहिलं. त्यांनी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेलं चित्र. त्यांना म्हणायचं होतं, "प्लीज कोणीतरी सांगा, काय झालं?" पण त्या हातांचा अर्थ आख्ख्या मुलुंडला एकच माहीत आहे.

मग त्यांनी मला फोन लावला. मी उचलला नाही. मुग्धाला लावला. तिने उचलला नाही. कसे उचलणार? सगळे फोन सुरक्षेसाठी पिशवीत गप्प पडले होते! घरचं कोणीच फोन घेत नाही म्हटल्यावर भाभींची खात्री पटली. त्यांच्याकडे घाटकोपरच्या माझ्या चुलतभावाचा, दिनूचा नंबर होता. दिनू कामात चपळ. त्याने सगळ्या नातेवाइकांना कळवलं, वाटेत हार घेतला आणि रिक्षा पकडली.

आम्ही शेवटी खाट उघडून खाली आलो, तर मैदानात माणसं! कोपऱ्यात बायका पदर तोंडाला लावून उभ्या. पांढरा कुर्ता घातलेले कर्णिक माझा हात धरून म्हणाले, "वाईट झालं हो. धीर धरा." आणि लगेच हळू आवाजात, "उद्याचं रॉकेट अर्थातच रद्द."

"अहो, काय झालं?"

"आता मला विचारता?"

इतक्यात दिनू हंबरडा फोडत धावत आला. "काकी गं! मला न सांगता गेलीस गं!"

त्या आवाजाने आई जागी झाली आणि चादरीसकट ताठ उठून बसली.

दिनूने जी किंकाळी मारली ती ठाण्यापर्यंत गेली असेल. हार हवेत उडाला आणि कर्णिकांच्या गळ्यात पडला. आईने चादर डोक्यावरून काढली, सगळ्यांकडे पाहिलं, मग हाराकडे.

"झेंडू?" ती दिनूला म्हणाली. "माका मोगरो आवडता, ठावक नाय तुका?"

बायका हसत सुटल्या. दिनू मात्र खाली बसून पाणी मागत होता. पण कर्णिक हटेनात. "मैदानात माणूस पडला होता की नाही?"

"झोपली होती!" मी ओरडलो.

"पडला म्हणजे पडला. उद्या बंद."

मुग्धाचा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि रॉकेटने काही करायच्या आधी बापाने वाट लावली! तरी ती रडली नाही. "काका, तुम्हीच समोर उभे राहून तपासा. एकही नियम मोडला तर मी स्वतः रॉकेट फोडते," ती म्हणाली.

मग आई उठली. कर्णिकांच्या गळ्यातला हार तिने सरळ केला. "रे कर्णिका, माका जिती असताना मारलंत ती मारलंत, आता नातीचा रॉकेटपण मारतलास? उद्या मी सगळ्यांच्या पुढे खुर्चीर बसतंय. बघूंदेत सगळे, जिती आसंय ती!"

गळ्यात हार असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. कर्णिक गुमान हो म्हणाले.

रविवारी सकाळी वारा पडलेला, आकाश मोकळं. दोरीबाहेर आख्खी सोसायटी, पहिल्या रांगेत आई, नवी साडी नेसून. कर्णिकांनी सगळं तपासलं. दोरीबाहेरून एका मैत्रिणीने व्हिडिओ सुरू केला. मुग्धाने चष्मा लावला, हवा भरली, दोरी हातात घेतली. मी छाती फुगवून उभा राहिलो. आणि खिशातला फोन वाजला.

शनिवारपासून मी नातेवाइकांना आई जिवंत असल्याचं सांगत होतो, म्हणून फोन जवळ होता. ही जोगेश्वरीची नलूमावशी, आईची धाकटी बहीण. ऐकू जरा कमी येतं. तिच्याशी न बोलून चालणार नव्हतं. मी कानात बोट घालून, मैदानाकडे पाठ करून गेटपाशी गेलो.

"मावशी, आई बरी आहे! ठणठणीत आहे!"

"खरा सांगतस?"

"अगदी खरं! समोर बसलीय!"

तेवढ्यात मागे फस्सऽऽ असा आवाज झाला, आणि सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "गेलं, गेलं! वर गेलं!" पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट, शिट्ट्या.

मी गर्रकन वळलो. आकाश रिकामं. रॉकेट झाडांच्या पलीकडे उतरलं होतं, मुग्धा आजीच्या गळ्यात पडली होती, आणि ज्या उड्डाणासाठी मी एवढा आटापिटा केला, ते बघायचं राहिलेला सोसायटीत मी एकटाच होतो.

फोनवर मावशीने हंबरडा फोडला. "मेल्या, आताच बरी आसा म्हणी होतस! आणि ती वर गेली तर टाळये कसले वाजवतास?"