बैलाच्या पायातली बाभळीची खुंटी

लाकडी बैलाचा मागचा पाय माझ्या हातात आणि उरलेला बैल मावशींच्या मांडीवर, अशा अवस्थेत मिस्त्रींनी आम्हाला गाठलं.

"हे काय करून राहिला बे कोकण्या?"

नागपूरच्या लकडगंजातल्या त्यांच्या कारखान्यात मी तेव्हा नवा होतो. आठवीत शाळा सोडलेला, संगमेश्वराकडून इतक्या लांब आलेला. एका ट्रकवाल्याच्या शब्दावर मिस्त्रींनी मला ठेवून घेतलं, झोपायला माळा दिला. माझा डबा त्यांच्या घरून यायचा. त्यामुळे त्यांचा आवाज चढला की मनात एकच यायचं: आता हाकलतात.

ते सदर भागातल्या एका ऑफिसच्या साइटवर गेले असताना इतवारीहून ह्या मावशी आल्या आणि मी न विचारता काम घेतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. चाकं लावलेला लाकडी बैल सजवून पोरं गल्लीत ओढत नेतात. तो उद्यावर होता.

"मावशी, आज कोणी बैल आणते काय वं दुरुस्तीले? दोन किचन अडकून आहेत माह्ये."

"मंग पाय काय काल मोडला होता? आज माळ्यावरून काढला तं हातात आला. माह्या मालकानं घडवला हा, पोराच्या पयल्या पोळ्याले. आता नातीचा पयला आहे. तीन पायाचा बैल ओढन का थे?"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "स्क्रू मार अन् दे."

"स्क्रू नको गा," मावशी म्हणाल्या. "मागच्या खेपेले एकानं खिळाच ठोकला होता."

ते खरं होतं. जुन्या कामात पायाच्या वरच्या टोकाला जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. ते पोटातल्या खाचेत बसतं आणि आडव्या भोकातून लाकडी खुंटी ठोकली की पाय अडकतो. ह्या बैलाची खुंटी काढून कोणीतरी खिळा मारला होता. तो गंजून सडला आणि पाय सुटला. कुसू मात्र शाबूत होतं. नवी खुंटी हवी, एवढंच.

मी गिरमिटानं भोक साफ केलं. खुंटी मी सागाच्या एका तुकड्यातून तासून ठेवलीच होती. मिस्त्रींनी ती उचलली आणि गालाला लावली. लाकडाची ओल बोटांपेक्षा गालाला लवकर कळते.

"थंड लागून राहिली बे. ओली. बैलही पावसानं फुगलेला. दोघंही उन्हाळ्यात सुकतील अन् खुंटी आपोआप गळून पडन. फुगलेल्या लाकडात सुकलेली ठोकायची. मंग थे हवा पिऊन फुगते अन् धरून ठेवते."

पण सुकलेलं आणायचं कुठून? आठवडाभर झड लागलेली. कारखान्यात कोरडं होतं ते सगळं प्लाय आणि सनमायका. प्लायची खुंटी होत नाही, ठोकली की पापुद्रे सुटतात. मावशी बैलाची पाठ पुसत बसल्या.

मिस्त्री माळ्यावर चढले आणि वाकस घेऊन उतरले. वाकस म्हणजे लाकूड तासायचं, कुदळीसारखं आडव्या पात्याचं हत्यार. त्यांच्या वडिलांचं. मशीन आल्यापासून कोणी हात लावला नव्हता. दांडा बाभळीचा, हाताळून काळा झालेला, तापलेल्या पत्र्याखाली कित्येक उन्हाळे भाजलेला. त्यांनी तो शेगड्यात, म्हणजे बाकाच्या पकडीत, आवळला आणि करवत लावली.

"मिस्त्री, अहो—"

"पकड नीट. हालवू नको."

तुकडा मी तासला. ठोकला त्यांनी. बारीक, एका लयीत, कान लावून. आवाज भरीव झाला तसे थांबले. मावशींनी पाय ओढून पाहिला आणि पदरानं डोळे टिपले.

"आता काहून रडून राहिली वं? पाय बसला तं खरा!"

"हे वाकस पाहून तुह्या बापाची याद आली गा. माह्या मालकाचा उस्ताद होता थो."

हे मिस्त्रींनाही माहीत नव्हतं. ते भुसा झाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी बैल इतवारीच्या गटारीच्या झाकणांवरून धडधडत गेला. पाय जागेवर होता. मिस्त्री मला म्हणाले, "आज नाचू नको. मे महिन्यात हालवून पाह्यजो."

ते नऊ महिने ती खुंटी माझ्या डोक्यात होती. मे महिन्यात बिजागऱ्या आणायच्या निमित्तानं मी मावशींच्या घरी गेलो. बाहेर ऊन आग ओकत होतं. कपाटावरून बैल उतरवला, पाय धरून हिसडला. हलला नाही. मावशींनी पन्हं दिलं.

परत येऊन सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मंग? लाग कामाले."

मी अजून तिथंच आहे. गिऱ्हाईक पोळ्याच्या दिवशी खूश होतं. लाकूड आपलं मत मे महिन्यात सांगतं.