काज-बटन राह्यलं फक्त

रिसोडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकानात मशिनी दोन, काज-बटनाला बायको, मी एक आणि पोपट एक. गावात विचाराल तर दुकान पोपटाचं आहे. मी तिथं नुसता बसतो.

हा पोपट मी विकत घेतला नाही, तेवढी अक्कल मला होती. पुण्याच्या मेहुण्याची बदली झाली आणि त्यानं आफ्रिकेचा हा करडा, लाल शेपटीचा, कबुतराहून दांडगा पक्षी कागदपत्रांसह आमच्याकडे आणून टाकला. "भाऊजी, माणसासारखा बोलतो. सोबत होईल तुम्हाला." मी भाळलो. दारात "या, बसा" म्हणणारा पोपट म्हटल्यावर गिऱ्हाइकांची रांगच लागणार! मी ट्रायल रूम मोडून तिथं पिंजरा ठेवला. माझ्या हातचा कपडा घालून बघायची गरजच काय?

तीन महिने रोज सकाळी मी त्याच्यापुढे "या, बसा" घोकत होतो. तो शेंगदाणे खायचा, टरफलं कोऱ्या कापडावर टाकायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की शिकवणी नेमकी कुणाची चालू आहे असा प्रश्न पडावा. एकदा त्यानं मापाच्या टेपचे पहिले दोन इंच खाल्ले. चार पॅन्टा सैल शिवून झाल्यावर ते मला कळलं.

आणि एक दिवस तो बोलला. अगदी माझ्या आवाजात, माझ्याच गोड हेलात: "काज-बटन राह्यलं फक्त. उद्या या."

आमच्या धंद्यात हे वाक्य पोटापाण्याचं. त्याचा खरा अर्थ एवढाच, की कापड अजून पिशवीतून बाहेर निघालेलं नाही. गिऱ्हाईक पोपटाला हसायचं, मीही हसायचो. माझ्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. गिऱ्हाईक पायरी उतरलं की मी काज-बटन करणाऱ्या बायकोकडे वळून जे बोलायचो, तेही हा पठ्ठ्या ऐकत होता.

मग एका दुपारी सर आले. मला नववीत गणित शिकवणारे. दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा निरोप समारंभ होता आणि सफारीचं कापड तीन आठवड्यांपासून माझ्याकडे होतं.

"झाला काय बे सफारी?"

"झालाच समजा सर. काज-बटन राह्यलं फक्त."

पिंजऱ्यातून माझा आवाज आला, माझ्याच हसण्यासकट: "अवं, कापलंच कुठं हाये अजून!"

बायकोनं मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता.

"हा कोन बोलला?"

"पाखरू हाये सर. त्याले काय समजते?"

"समजत नाई म्हनूनच खरं बोलून राह्यला. पिशवी दाखव."

पिशवीची गाठ सरांनी स्वतः मारलेली होती. तशीच होती.

"नववीत तुही वही रोज घरी राहे," सर म्हणाले. "उद्या हे कापड पांघरून जाऊ काय मी इस्टेजवर?" मग आवाज उतरला. "सारी नोकरी जुन्या कपड्यात काढली. शेवटच्या दिवसाले एक नवा सांगतला होता तुले."

मी पिशवीची गाठ सोडायला घेतली. एरवी कारणांची माझ्याकडे टंचाई नसते.

सरांनी स्टूल ओढलं. "काप. माह्यासमोर."

परीक्षेत सुपरवायझर मानेवर उभा असावा, तसं मी कापलं. शिवताना अध्येमध्ये पिंजऱ्यातून सूचना यायची, "उद्या या." सर शांतपणे म्हणायचे, "नाई बाप्पा, आजच." दिवेलागणीला बायकोनं शेवटचं बटन लावलं. ट्रायल रूम नव्हती, म्हणून ती बाहेर जाऊन उभी राहिली आणि सरांनी पिंजऱ्याआड सफारी चढवला. बरोबर बसला. आरशात त्यांनी कॉलर दोनदा सारखी केली. जाताना पोपटाला एक शेंगदाणा दिला. मला काही नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेजवरून त्यांनी आभार मानले ते घरच्यांचे, शाळेचे आणि माझ्या पोपटाचे, सविस्तर. तेव्हापासून गिऱ्हाईक माझ्याकडे बघत नाही. सरळ पिंजऱ्याशी जातं: "सांग मिठू, कापला काय माहा ब्लाउज?"

मीही इरेला पेटलो. त्याला नवं वाक्य शिकवायचं ठरवलं: "झालं, घेऊन जा." माझ्या तोंडून त्यानं ते आधी कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. दोन महिने आणि पोतंभर शेंगा.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावाहून एक ताई ब्लाउज न्यायला आल्या. मला काही न विचारता त्यांनी आधी पिंजऱ्याकडे बघितलं. मिठूनं मान वाकडी केली आणि खणखणीत सांगितलं, "झालं, घेऊन जा."

ताईंनी हसून हात पुढे केला. पिशवीची गाठ अजून त्यांचीच होती. बायको माझ्याकडे बघत होती. दुकानात आता खोटं बोलणारे दोघं झाले होते.

मी सरांचं स्टूल पुढे ओढलं. "या, बसा," म्हणालो, आणि कात्री उचलली.