अम्मांचा प्रश्न

माझ्या आईच्या अंगावरून वारं गेलं आणि ती दोन वर्षं अंथरुणावर होती. तिला कुशीवर वळवणं, पाठीला खोबरेल चोळणं, कातडी सोलवटू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याच्या घड्या सरकवणं, हे सगळं मीच केलं. त्याला कुणी काम म्हणत असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं. नवरा वारल्यावर मी महाळुंग्याला भावाच्या घरी परतले होते. वय वीस-एकवीस. आई गेली आणि त्या घरात माझ्या हातांना काही उरलं नाही.

त्याच सुमारास मामीच्या बाळंतपणासाठी मला चिंचवडला मामाकडे धाडलं. मामीला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तिथल्या नर्सबाई मी तिला कशी उठवते-बसवते ते बघत असत. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात एक सिंधी आजी पडून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसल्या आहेत. मुलाचं कापडाचं छोटं दुकान, सून शाळेत शिकवते. दिवसभर घरी कुणी नसतं. विश्वासाची बाई हवी आहे आणि ते पगार देतील.

मामीला ते पटलं नाही. "पैसे घिऊन परक्याचं हगणं-मुतणं काढनार? आपल्यात कुनी केलंय का आसं?" ती म्हणाली. मामा मात्र इतकंच म्हणाला की कष्टाला जात नसते, जाऊ दे तिला.

मग मी रोज सकाळी चिंचवडहून रुळांच्या कडेने चालत पिंपरीला जाऊ लागले. औषधांच्या नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. खडी वाहणाऱ्या बाया मला रस्त्यात भेटायच्या, कुठल्या मुकादमाकडे लागलीस म्हणून विचारायच्या. मी म्हातारी सांभाळायला जाते म्हटल्यावर त्यांना हसू यायचं.

त्या सिंधी आजींचं घर म्हणजे लांबलचक बराकीतला एक तुकडा. मध्ये गोणपाटाचे पडदे लावून दोन खोल्या केलेल्या. खिडकीशी खाटेवर आजी; घरात त्यांना अम्मा म्हणत. गोऱ्या, हाडं मोठी, केस अगदी पांढरे. सुनेला मी भाभी म्हणायचे. तिला हिंदी येत होतं आणि शाळेमुळे थोडं मराठीही. अम्मांना सिंधीखेरीज काही येत नव्हतं आणि मला मराठीखेरीज. भाभीने पहिल्या दिवशी मला औषधाची बाटली, भांडं, कपडे दाखवले आणि ती निघून गेली. पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघी उरलो.

पहिल्या दिवशी मी अम्मांचे कपडे उतरवायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आईचं करताना मला कधी लाज वाटली नव्हती. त्या परक्या बाईची मला वाटली. मी डोळे खाली घालून भराभरा उरकलं. आठवड्याभरात आमचं जमलं. मी पाठीखाली हात घातला की त्या आपणहून माझ्या गळ्यात हात टाकायच्या.

त्यांच्या मुठीत नेहमी एक लोखंडी किल्ली असायची. आंघोळ घालतानाही ती सोडायच्या नाहीत, एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायच्या. पेटीची असेल असं मला वाटलं.

दुपारी जेवण झालं की त्या बोलू लागायच्या. सकाळभर गप्प असत आणि दुपारी बोलत, हलक्या आवाजात, थांबून थांबून, पडद्यापलीकडे जाऊ नये अशा बेताने. मी पाय चेपत ऐकायचे. कळायचं काहीच नाही. फक्त त्यात फिरून फिरून दोन शब्द यायचे, ते मात्र आपलेच: पाणी आहे. माठ की मटसारखं काहीतरी आणि मग पाणी आहे. मला वाटायचं, त्या माठात पाणी आहे का विचारतात. मी उठून माठ बघायचे आणि सांगायचे, "हाय अम्मा, पानी हाय." कधी पेला भरून द्यायचे. त्या तो हाताने बाजूला करायच्या.

बोलणं संपताना त्या किल्ली माझ्यापुढे धरायच्या आणि एक प्रश्न विचारायच्या. प्रश्न होता हे आवाजावरून कळायचं. माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मी मान डोलवायचे, "व्हय, व्हय" म्हणायचे. तसा त्यांचा जीव भांड्यात पडायचा, डोळे मिटायचे, झोप लागायची. रोज असंच. मी भाभीला एकदा विचारलं की अम्मा दुपारी काय सांगतात. ती गोंधळली. म्हणाली, आमच्याशी तर त्या जेवणाखाणापलीकडे बोलतच नाहीत.

आठेक महिने असे गेले.

मग दिवाळीच्या तोंडावर भावाचा निरोप आला. सणाला येऊ नकोस, गावात लोक बोलतात, तू काय काम करतेस ते सगळ्यांना कळलंय. त्या दिवशी मी कामावर गेले ती रडून. डोकं ठणकत होतं. दुपारी अम्मा बोलू लागल्या. माझं लक्ष नव्हतं. त्यांनी किल्ली पुढे धरून विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, माझी बाही ओढली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला सहन झालं नाही. त्यांचा हात मी झटकला.

"न्हाई अम्मा," मी म्हटलं. "न्हाई, न्हाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. फार दिवस वाट पाहिलेला निरोप शेवटी ऐकावा तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. मूठ उघडली आणि किल्ली खाली पडली. मी उचलून दिली, त्यांनी घेतली नाही. मग मीच ती उशाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं. पाण्याचा पेला ओठांशी नेला की ओठ मिटायच्या. भाभीने पाजलं, मुलाने पाजलं, थेंबभर आत जायचं, बाकी हनुवटीवरून ओघळायचं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वय झालंय, हृदय थकलंय. अकराव्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा बराकीपुढे माणसं जमली होती. शेवटची आंघोळ घालायला शेजारच्या बायांनी मला आत बोलावलं, कारण अम्मांचं अंग कुठे दुखतं ते मला माहीत होतं. मेलेल्या अंगालाही मी जपूनच वळवलं. त्यांना पवनेकाठी नेलं.

माझं काम चांगलं म्हणून त्याच कॅम्पात पलीकडच्या बराकीत मला दुसरं घर मिळालं. तिथं तीन पिढ्या, दिवसभर बोलणं. वर्षभरात मला सिंधी कळायला लागलं, मोडकंतोडकं बोलताही येऊ लागलं. त्यांचं आणि आपलं काही काही अगदी सारखं निघालं. आहे म्हणजे आहे. नाही म्हणायला नाहे. एके दिवशी त्या घरची लेक कामाला निघताना आपल्या आजारी बापाला म्हणाली, मट में पाणी आहे. मी भाकरी थापत होते. ती विचारत नव्हती, सांगत होती. माठात पाणी आहे, मी जाते.

माझा हात तव्यावर पोळला तरी मला कळलं नाही. अम्मांचं सगळं बोलणं माझ्या कानात होतं, आठ महिन्यांचं, आणि आता त्याचे तुकडे एकेक करून उलगडू लागले. सासू. दार. शेजारीण. कुलूप.

संध्याकाळी मी भाभीकडे गेले आणि विचारलं, अम्मांच्या सासूचं काय झालं. तिने शिवण खाली ठेवलं. मग तिने सांगितलं. फाळणीत सिंध सोडायची वेळ आली तेव्हा आजेसासू खाटेवरून हलू शकत नव्हती. महिन्याभरात सगळं शांत होईल, परत येऊ, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. शेजारीण जन्माची मैत्रीण, तिने सांभाळते म्हणून सांगितलं. टांगा दारात उभा होता. अम्मा शेवटी बाहेर पडल्या. माठ भरून ठेवला, उशाशी रोट्या ठेवल्या, आणि भीतीपोटी बाहेरून कुलूप घातलं. किल्ली शेजारणीला द्यायची होती. आगबोटीत बसल्यावर ती त्यांच्या कमरेलाच सापडली.

"खूप चिठ्ठ्या लिहिल्या," भाभी म्हणाली. "जवाब नाही आला. शेजारीण चांगली होती, कुलूप तोडलं असेल तिने. पण अम्मा कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तुला कुठून कळलं?"

मी सांगितलं की त्या मला रोज सांगायच्या, आणि शेवटी विचारायच्या की शेजारणीने दार उघडलं का.

भाभी माझ्याकडे बघत होती. "मग तू काय म्हणायचीस?"

"व्हय म्हनायचे," मी म्हटलं.

तिने माझा हात धरला आणि ती रडायला लागली. म्हणाली, तू फार मोठं काम केलंस, अम्मांना थोडी तरी शांती दिलीस. मग तिने चहा ठेवला. मी तो प्यायले.

पुढे तीस वर्षं मी हेच काम केलं. कॉलन्या झाल्या, बंगले झाले, मी अनेक म्हातारी माणसं सांभाळली. पण दुपारी जेवणं आटोपून घर शांत झालं की माझ्या बाहीला कुणीतरी ओढतं. मी वळत नाही. कधी कधी रिकाम्या खोलीतही माझी मान आपोआप डोलते. एका घरच्या मालकिणीने ते पाहिलं आणि मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाली.

शेवटच्या वेळी मी अम्मांना काय म्हटलं ते सांगायला मी दोनदा भाभीकडे दुकानात गेले; शाळा सुटल्यावर ती आता तिथं बसायची. पहिल्यांदा दुकान बंद होतं. दुसऱ्यांदा ती गल्ल्यावर होती, मला बघून हसली, गिऱ्हाइकांना बाजूला सारून मला बसायला जागा केली. मी एक वार मांजरपाट मागितलं, ते तिने फाडून दिलं, आणि मी परत आले.