मागची गाडी आपलीच

टोलनाक्यावर मी खिडकीची काच खाली केली, आणि मी काही बोलायच्या आत शेठ माझ्या अंगावरून आडवे होऊन आतल्या बाईला म्हणाले, "टू कार, मॅडम. बिहाइंड कार आवर कार." नोट पुढे केली, पावती घेतली आणि परत सीटवर बसून खुशीत मांडीवर थाप मारली.

गाव कुठलं, तर दक्षिण आफ्रिका. गाडी भाड्याची, स्टिअरिंग माझ्या हातात. मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत ब्रीडर होते. ब्रीडर म्हणजे दोन जातींची लग्नं लावून तिसरी चांगली जात काढणारी, सोयरिकी जमवणारी बाई म्हणा. मी हसनाबादची, वडिलांच्या ट्रॅक्टरवर गाडी शिकलेली. शेठ म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, त्यांना सायकलच्या पुढचं काही चालवता येत नाही, म्हणून परदेशात त्यांची ड्रायव्हरही मीच.

माझं एक मिरचीचं हायब्रीड तिथल्या हेन्री नावाच्या मोठ्या बागायतदाराच्या शेतात ट्रायलला लावलेलं होतं. हेन्रीने बियाणं घेतलं की आजूबाजूचे सगळे घेणार. तो त्याच दुपारी बाहेरगावी निघणार होता. त्याआधी आमच्यासमोर प्लॉट बघून तो हो किंवा नाही सांगणार. आम्ही पोचलो नाही तर मिरची नांगरून तिथे कोबी. माझी कितीतरी वर्षं त्या झाडांत गेली होती.

गाडीची किल्ली देताना काउंटरवरच्या मुलीने टोलचं नीट समजावलं होतं. इथे बाहेरच्या देशाचं कार्ड चालत नाही, सुटे पैसे जवळ ठेवा. ज्या लेनमध्ये माणूस नाही तिथे घुसू नका. तिथे काचेवर चिकटवलेल्या यंत्रातून पैसे कापले जातात, ते यंत्र या गाडीला नाही. मग दंड गाडीच्या मालकाला आणि मालकाकडून तुम्हाला. शेवटी म्हणाली, अनोळखी माणसाने दिवे मारले तर थांबू नका.

हे सगळं आम्ही तंतोतंत पाळलं. पण मागच्या गाडीचं काय करायचं ते तिने सांगितलंच नव्हतं.

आमचा तिथला वितरक पीटर पांढऱ्या पिकअपमधून आमच्या मागे येत होता. "तुमच्या वेगाने चला, दुसऱ्या नाक्यानंतर मी पुढे होतो," असं ठरलेलं. आता आमच्याकडे लग्नाला चार जीपा निघाल्या की नाक्यावर पुढची जीप सगळ्यांचे पैसे भरते. मागच्याने भरले तर पुढच्याची शोभा होते. शेठ जुन्या जालन्यातल्या धान्याच्या पेढीवर वाढलेले. हॉटेलात दुसऱ्याला खिशात हात घालू देतील तर शपथ.

"शेठ, पीटरने दिले असते की स्वतःचे."

"मॅडम, पुढं आपण हाओत ना? मंग बराबर आहे. बिलकुल खर्चा मोजू नका."

मी आरशात पाहिलं. पिकअप पांढरीच होती. तिकडे निम्म्या शेतकऱ्यांकडे पांढरी पिकअप असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर ती अगदी जवळ आली आणि दिवे मारायला लागली. आत पीटर नव्हता. चांगला दांडगा, लाल दाढीवाला माणूस होता.

"शेठ, हा पीटर न्हाई."

शेठनी मागे वळून पाहिलं आणि पट्टा घट्ट केला. "जल्दी हाणा. तो हात दाखवून राह्यला."

मी हाणली. तोही हाणायला लागला. घाबरून मी दिसला त्या फाट्याला वळले. पीटर कुठे राहिला, पत्ता नाही. आमच्या फोनला रेंज नव्हती. आणि फाटा उतरतो न उतरतो तोच समोर आणखी एक छोटा टोलनाका, त्याची दांडी आडवी. दाढीवाला मागे थांबला, उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. त्याच्या मुठीत पैसे होते.

"तुम्ही माझा टोल का भरलात?" तो म्हणाला. "नाक्यावरची बाई सांगते, पुढच्या गाडीने दिले. मी तुम्हाला ओळखत नाही."

शेठ गप्प. हे जालन्यात सांगितलं तर कुणी खरं मानत नाही. मग मीच त्याला आमच्या लग्नाच्या जीपा समजावल्या. माझं इंग्रजी बेताचं, पण त्याला कळलं. तो इतका हसला की नाक्यावरची बाईही डोकावून बघायला लागली.

"चाललात कुठे?"

हेन्रीच्या मळ्यावर, म्हटलं. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चुकलात. हायवेने आता वेळेवर पोचणार नाही. मागे या."

त्याने आपली पिकअप बाजूने काढून आमच्या पुढे घेतली आणि नाका ओलांडून शेताशेतांतून, मातीच्या रस्त्याने आम्हाला नेलं. पोचलो तेव्हा हेन्री बॅगा गाडीत टाकत होता. आम्हाला घेऊन तो तसाच प्लॉटमध्ये शिरला. झाडं लगडली होती. त्याने एक मिरची मोडली, चावली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाला, "कोबी दुसरीकडे लावतो." मला रडू आलं, आणि ते मी मिरचीच्या नावावर खपवलं.

पीटर आम्हाला शोधत नंतर आला, बिचारा, स्वतःचा टोल स्वतः भरून.

एक सांगायचं राहिलं. त्या छोट्या नाक्यावर मी पैसे पुढे केले, तर बाईने हात हलवून नको म्हटलं. पुढच्या पिकअपने दिले होते. शेठचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे पैसे दुसऱ्या कुणी भरले होते. परत येईपर्यंत ते "त्याला बियाण्याची पाकिटं पाठवा" एवढंच म्हणत राहिले, आणि पाठवलीही.

परदेशात भाड्याची गाडी घेणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं आहे. टोलसाठी सुटे पैसे ठेवा आणि माणूस बसलेली लेन पकडा. शेजारी जालन्याचे शेठ असतील तर सुटे पैसे दुप्पट ठेवा.