लॉनवरची कुत्री

विश्रामबागेतल्या आमच्या घरापुढच्या लॉनवर उन्हाळ्यात कुत्री रोज खड्डे पाडायची. मी नव्या माळ्याला म्हणालो, "बाबा, काठीनं हाकला त्यांना." म्हातारा आटपाडीकडचा, पूर्वी मेंढरं राखणारा. काठी न घेता त्यानं कडुनिंबाखाली वाळू पसरली आणि ओंजळीनं पाणी शिंपडलं.

"आवं, उनानं पोटं भाजत्यात त्यांची. गार जागा दिली की गवत उकरायची न्हाईत."

तसंच झालं. एक तांबडं कुत्रं तर त्याच्या पायाशी झोपू लागलं, पण त्यानं त्याला कधी हात लावला नाही. मी कारण विचारलं.

"मेंढरं इकली, तवा माझं कुत्रं टेम्पोमागं पळत गेलं. मी हाक मारली न्हाई. वाटलं, येईल माघारी."

मग तो नळाखाली खुरपं धुऊ लागला. खुरपं स्वच्छ झालं, तरी धूतच राहिला.